चाळीस किलो चांबो

शुक्रवारी दुपारी, चाळीस किलो गांजा गायब केल्याबद्दल पोलिसांनी माझ्या फिनियस मामाला धरलं.

आता हे अजून घडलंच नाही असं समजू. कारण सकाळी नऊ वाजता मामा पूर्णपणे मोकळा होता. पिकअपच्या मागे उभा राहून टोपल्यांवरची दोरी आवळत होता आणि मला नावं ठेवत होता.

मी न्खोटाकोटाला, सरोवराकाठी मासळी उतरते तिथे कारकून आहे. होड्या लागतात, बायका मासे धुरावर धरून वाळवतात, आणि माल बाहेर निघाला की त्याचा कागद मी लिहितो. मालक कोण, मासा कोणता, किती किलो. दिवसाला तीसेक कागद होतात, त्यातले पंचवीस चांबोचे. चांबो हा आमच्या सरोवरातला सगळ्यात चवदार मासा. आमच्या डोंगरात जे पिकतं त्याचं नाव चांबा. चांबा म्हणजे गांजा. ज्या कुणी ही दोन नावं ठेवली त्याला पुढे कागद लिहायचे नव्हते.

शनिवारी सलिमाला आईच्या घरी माझ्या बहिणीची, तामांडानीची, सोयरीक होती. आमच्यात मुलीकडचा मामा कोंबडी घेऊन जातो, मुलाकडचा मामा कोंबडा आणतो, दोघे पक्ष्यांची अदलाबदल करतात, चार वाक्यं बोलतात आणि लग्न ठरतं. बापाला तिथे खोकण्यापलीकडे अधिकार नसतो. मामा नसेल तर लग्नही नाही. मुलाकडचे लोक कोंबडा काखोटीला मारून परत जातात, आणि पुढे वर्षभर त्या घराचं नाव निघालं की लोक हसतात. तामांडानीचं आधीच एकदा हसू झालं होतं. मागच्या खेपेला मुलाचाच मामा आला नव्हता.

म्हणून मागे जेवणावळीसाठी चाळीस किलो चांबो, पुढे मामा, त्याच्या शेजारी मी, माझ्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी.

"धीराने धर तिला," मामा म्हणाला. "नवरी समजून धर. तुला दुसरी कोण मिळणार आहे."

तासभर रस्ता चांगला गेला. मग समोर गाड्यांची रांग दिसली. रांगेच्या टोकाला नाका होता आणि नाक्यातच एक लाकडाचा ट्रक आडवा बंद पडला होता. आमच्यामागे लगेच दोन बस आणि एक साखरेचा ट्रक येऊन लागले. आता मागे वळायला जागा नव्हती. तेवढ्यात मामाने घसा साफ केला.

"भाच्या, एक सांगायचं राहिलं. तुझ्या पिशवीत एक कणीस आहे."

"मक्याचं?"

"आकार मक्याचा."

मी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. कोंबडीनेही.

"त्या काझेम्बे म्हाताऱ्यासाठी आहे, मुलाच्या मामासाठी," मामा म्हणाला. "ते लोक अख्खा मुलगा देणार. आपण काय नुसते दात दाखवत जायचं? त्याला आपलं बी हवंय. त्यांच्या बाजूला परवानेवाल्या कंपन्यांचं रोप आलंय, कमरेएवढं, पान बैलाच्या जिभेएवढं. आपलं कसं असतं? दोन माणसं एकावर एक उभी केली तरी शेंडा दिसत नाही, पान बघ तर बोटांसारखं बारीक. पाच-सहा महिने वाट बघायला लावतं. घाईच्या माणसाचं पीक नाही ते."

"माझ्या पिशवीत का?"

"तू कारकून आहेस. कारकुनाची पिशवी कोण उघडतं? सगळ्यांना माहीत असतं आत कंटाळा भरलाय म्हणून."

मी पिशवी उघडली. आत, शर्टाच्या घडीत, केळीच्या सोपटाने करकचून बांधलेलं, अंगठ्याएवढं जाड आणि वीतभर लांब कणीस होतं. मामाची पद्धत मला माहीत आहे. चांब्याची बोंडं सोपटात दाबून बांधायची, जमिनीत पुरायची, वरून ऊन खाऊ द्यायचं, महिन्याने उकरायची. तोवर हिरव्याचं सोनं होतं. आणि वास तर असा, की पिकलेला आंबा, लिंबाची साल, मिरी आणि पावसात भिजलेलं लाकूड एकाच खोलीत कोंडून ठेवावं. मागे चाळीस किलो धुरकट मासळी होती आणि तिचा वास क्षणात हरला. शेजारच्या गाडीतल्या माणसाने मान वळवून आमच्याकडे बघितलं. कदाचित तो सहजच बघत असेल. पण मी पिशवी झटकन मिटली.

"फेकून देतो."

"खिडकीतून? दोन बस बघतायत," मामा म्हणाला. "आणि तुझ्या पणजीच्या पणजीने हे बी किनाऱ्याच्या व्यापाऱ्यांकडून घेतलंय. ते आले होते माणसं गुलाम करून न्यायला, बी विसरून गेले. त्या सगळ्या प्रकरणात आपल्याला झालेला हा एकच फायदा. तो तू फेकणार?"

"मग मी काय करू?"

मामाने पुढे बघितलं. पट्ट्याला कुत्रा बांधून एक शिपाई रांगेवरून चालत येत होता. मामाचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्याला असं कधीच बघितलं नव्हतं. एकदा पाणघोडा होडीखाली आला होता तेव्हाही तो गाणं म्हणत होता.

"खा," मामा म्हणाला.

"काय?"

"बी कोंबडीला घाल, बाकीचं तू खा. सोपट मी चावतो."

तसंच आम्ही केलं. मी कणीस मांडीवर चुरलं. बिया कोंबडीने एवढ्या आवडीने टिपल्या की जणू तिला आमंत्रणच होतं. पणजीच्या पणजीचा वारसा तीन मिनिटांत संपला. उरलेला चोथा मी सकाळच्या दोन गोड वड्यांत कोंबून गिळला. जीभ कडू पडली, टाळ्याला डिंक चिकटला. कुत्रा आला, टोपल्यांतल्या माशांवर भुंकला, शिपायाने त्याला फटका दिला आणि ओढून नेलं.

"वाचलो," मामा म्हणाला.

"हे चढतं कसं?"

"ओढलं तर लगेच. खाल्लं तर सावकाश, पण येतं ते सामानसुमान घेऊन राहायलाच येतं. आणि आपलं पीक माणसाला झोपवत नाही, उभं करतं. एका दमात तीन वाफे खणतो माणूस. डोकं चालतं. खूप चालतं." त्याने माझ्याकडे बघितलं. "अख्खं कणीस खाल्लेला माणूस मात्र मी बघितला नाही. तू मला सांग नंतर."

ट्रक हलायला सव्वा तास लागला. पहिला पाऊण तास मला काहीही झालं नाही, आणि काही का होत नाही याचीच भीती वाटू लागली. मग माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ माझे ठोके मोजतोय. ते छातीत नव्हते, कानात होते. हात गार, तोंड सुकलेलं. प्रत्येक विचाराला दोन पोरं होत होती आणि त्या पोरांना लगेच लग्न करायचं होतं. मागच्या बसमधले सगळे माझ्याच मानेकडे बघतायत, हे मला मागे न बघता दिसत होतं. कोंबडीने एक डोळा माझ्यावर रोखला होता. तिला सगळं माहीत होतं, आणि ती साक्षीदार होती.

तेव्हा मी कागद बाहेर काढला, नाक्यावर पटकन देता यावा म्हणून.

मालक: फिनियस. वजन: चाळीस किलो. माल: धुरावर वाळवलेला चांबा.

आमचे कागद इंग्रजी अक्षरांत असतात; घाईत गोल 'ओ' (o) काढला की माझ्या पेनाला शेपूट सुटतं, आणि 'ओ'ला शेपूट सुटलं की त्याचा 'आ' (a) होतो. पाच वर्षं हे मला माहीत होतं. पाच वर्षं कुणी वाचलं नव्हतं. मी डोळे मिटले, उघडले. शेपूट तिथेच होतं आणि हळूच हलत होतं. आता ते खरंच होतं की पोटातलं कणीस मला दाखवत होतं, हे ठरवायला मला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवे होते.

"मामा, हे शेवटचं अक्षर काय आहे?"

"मला विचारतोस? मला काळी अक्षरं सगळी सारखीच."

पेनाने दुरुस्त करावं म्हटलं तर वर शिक्का होता, आणि शिक्क्याच्या कागदावर गिरवणं हा गुन्हा. हे मीच लोकांना सांगत असतो. शिवाय त्या अवस्थेत ओच्या जागी मगर निघाली असती. तोवर आमचा नंबर आला.

नाक्यावर सार्जंट मिसेस कालुवा होत्या. इस्त्रीचे कपडे, केसांवर जाळी, चष्म्याला साखळी. बाई अजिबात दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, दुष्ट माणूस कागद इतका नीट वाचत नाही.

"कसे आहात?" त्या म्हणाल्या.

"आम्ही बरे, तुम्ही कशा, मॅडम?" मामा म्हणाला.

"मीही बरी." मग त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "चाळीस किलो चांबा."

"चांबो, मॅडम. मासा. भाचीची सोयरीक आहे उद्या."

"इथे चांबा लिहिलंय. शिक्का आहे."

"तुम्ही टोपल्या बघा ना."

दोन शिपायांनी सगळ्या टोपल्या उतरवल्या, मासा न् मासा उलटा केला. बाई तिथेच उभ्या होत्या. मी पिकअपला टेकून तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"मासेच आहेत, मॅडम," शिपाई म्हणाला.

मामाने श्वास सोडला. "झालं तर मग."

"झालं कसं?" बाई म्हणाल्या. "मासे आहेत ते दिसतंय मला. पण माशांचा कागद नाही, म्हणजे ते वेगळं प्रकरण. कागद चांब्याचा आहे. चाळीस किलो निघाला तेव्हा होता, इथे नाही. मधे कुठे उतरवला?"

"मॅडम, तो नव्हताच."

"नसताना कुणी त्याचं वजन केलं?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. "याने. हा कारकून. हाच सांगेल. सांग रे, मासाउको, सांग बाईंना तुझी चूक."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य बोललो असतो तर मामा सुटला असता. पण माझ्या तोंडात आंबा, लिंबू, मिरी आणि भिजलेलं लाकूड होतं. बाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मी ओठ उघडले असते तर नसलेल्या चाळीस किलोंतला अर्धा पाव तरी सापडलाच असता, तोही दोन आरोपींसकट. मामाला हे माहीत होतं. तो "सांग" म्हणत होता आणि डोळ्यांनी "खबरदार" म्हणत होता.

"मुका आहे का?" बाईंनी विचारलं.

"मोठ्यांसमोर लाजतो," मामा म्हणाला.

मी हाताने लिहिण्याची खूण केली. बाईंनी वही दिली, पेन दिलं. चांगल्या आहेत बाई. मी पिकअपच्या टपावर वही ठेवली. पेन कुदळीएवढं जड लागत होतं. एकेक अक्षर काढताना मी स्वतःला बजावत होतो की शेपूट नको, शेपूट नको, आणि डोकं चालत होतं, खूप चालत होतं, आणि त्यात शेपटीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी कोंबडीकडे बघून हसलो.

बाईंनी मोठ्याने वाचलं. "'मी खाली सही करणार शपथेवर लिहून देतो की सदर माल चांबा नसून चांबा आहे.'"

 साखरेच्या ट्रकने एकदा हॉर्न दिला.

"आता दोन कागद झाले," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मामाला चौकीवर नेलं. कागद आणि माल जुळेपर्यंत ठेवणार. कागद दुरुस्त करायचा अधिकार ज्या साहेबांना आहे ते सोमवारी येतात. त्यांनी मामाला बाकावर बसवलं, पाणी दिलं, बेड्याही घातल्या नाहीत. मामा दारातून माझ्याकडे बघत होता. तो चिडलाय का ते मी शोधत होतो, पण तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि तेही माझ्यासाठी.

"कोंबडीला पाणी पाज," तो म्हणाला. "आणि कुणाशी बोलू नकोस. विशेषतः तोंडाने."

आता चार वाजले आहेत. जप्त मालाचं कार्यालय साडेचारला बंद होतं. आईचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. सलिमात आतापर्यंत अंगण झाडून झालं असेल, खुर्च्या मागवून झाल्या असतील, तामांडानीने केस विणायला घेतले असतील. चौकीच्या पायरीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून मी हळूहळू लिहितोय. प्रत्येक ओ दोनदा तपासतोय.

प्रति, मा. प्रमुख अधिकारी, जप्त माल विभाग.

विषय: चाळीस किलो चांबा तात्पुरता मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझे मामा श्री. फिनियस यांच्या मालात कागदानुसार चाळीस किलो चांबा कमी भरत असून, तो भरून दिल्याशिवाय कागद व माल जुळत नाही, व तो जुळल्याशिवाय मामा मिळत नाही. आपल्या गोदामात जप्त चांब्याचा पुरेसा साठा आहे असे समजते. तरी त्यातून चाळीस किलो चांबा आज सायंकाळपर्यंत नाक्यावर पोहोच करण्यात यावा. सार्जंट मॅडम यांनी तो मोजून घेताच, व मामा मोकळा होताच, सदर चांबा आहे त्या वजनात व वासात आपल्या कार्यालयास परत करण्यात येईल. मामाची गरज उद्या सकाळी दहा वाजता असल्याने अर्ज तातडीचा समजण्यात यावा, व मंजुरी कळविताना ती फोनवर न कळविता लेखी कळविण्यात यावी.