फियाटच्या दारातलं पाणी

हौसरावांना गळती सहन होत नसे. घरात नाही, रानात नाही, कुठंच नाही. उसाला ठिबक केल्यापासून तर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनऐवजी एमसीलची कांडी असायची. नळी कुठं थेंबभर पाझरली की हे खाली बसलेच. एमसील मळायचं, त्यात सुतळीचा तुकडा घालायचा आणि अंगठ्यानं दाबून लावायचं. सुतळीनं पकड येते, असं त्यांचं शास्त्र होतं. अख्ख्या वरवंडात दुसरं कुणी असं करत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

तर अशा माणसाच्या गोठ्याशेजारी, पत्र्याखाली, सहा वर्षं एक गळकी फियाट उभी होती. एके काळी ती पांढरी होती. तिच्यात बसून हौसराव साखर कारखान्याच्या मीटिंगांना गेले, दोन्ही पोरांच्या सोयरिकी जमवून आले. मग एका पावसाळ्यात थोरला ज्ञानेश ती घेऊन पाटसला गेला आणि परत आला तो तळात पाणी घेऊनच. मॅटं भिजून चिंब झालेली, सीटखाली डबकं. नीट बघायला गेले तर दारांच्या खालच्या कडा नखानं तुटत होत्या. त्या दिवशी ओढ्याला पूर होता. हौसरावांनी जागच्या जागी निकाल दिला, पोरानं गाडी ओढ्यात घातली. ज्ञानेश म्हणत होता, मी पुलावरनं आलो. हौसरावांनी त्याचं बोलणं मध्येच तोडलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवर, दुधाच्या रांगेत, त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. “थोरल्यानं गाडी बुडवली ती बुडवली, वर खोटं बोलतो,” असं चारचौघांत सांगून मोकळे झाले.

थोड्याच दिवसांत ज्ञानेशनं बायकापोरांसकट कारेगावला खोली केली. रांजणगावच्या कंपनीत तो आधीपासून होताच. पाळीला जाणं-येणं लांब पडतं, असं कारण सांगितलं. हौसरावांना ते पटलं, कारण ते पटण्यात सोय होती. सणाला सून यायची, नातवंडं यायची. ज्ञानेशला मात्र दर सणाला ओव्हरटाइम असायचा. त्याचा फोन आईच्या, साखरबाईंच्या मोबाइलवर यायचा.

यंदा दिवाळीनंतर हौसरावांच्या मनानं घेतलं की गाडी पुन्हा चालू करायची. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नसावं. धाकटा ईश्वर पाबळला वेल्डिंग शिकून आलेला होता आणि घरामागं गेटं-ग्रिलं करायचा.

“करू की, आप्पा,” तो म्हणाला. “पर आधी पाणी कुठनं येतं ते बघू. नुसता नवा पत्रा डकवला तर पुन्हा तेच हुईल.”

पुढच्या दारांची चाळण झाली होती. मागचं एक तेवढं बऱ्यापैकी धड होतं. ते लावून घेऊन ईश्वर काचेवर मगानं पाणी ओतत राहिला. हौसराव बाजेवर बसून बघत होते.

“काचेच्या रबरातनं आत जातंय,” ईश्वर म्हणाला.

“मग रबर बदल.”

“नवं रबर घातलं तरी थोडं जाणारच, आप्पा. त्याला म्हणून दाराच्या बुडाला भोकं दिलेली असत्यात. आत गेलेलं पाणी तिथनं भाईर पडतं. हितं पडंना.”

खरंच पडेना. खालून एक थेंब नाही. थोड्या वेळानं दाराच्या आतल्या पुठ्ठ्याच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं आणि थेट गाडीच्या तळात उतरलं. ईश्वरनं दार सोडवून आडवं टाकलं, बुडाला टोच्या घालून ठोकला. करडा, कडक झालेला एक खडा निघाला. मागोमाग दुसरा.

“कुठल्या गाढवानं बुजवली ही?” ईश्वर म्हणाला आणि त्यानं खडा हातात फिरवून बघितला. खड्यातून सुतळीचं टोक बाहेर आलं होतं.

त्यानं खडा बोनेटवर ठेवला आणि बापाकडं न बघता ग्राइंडर चालू केला.

हौसरावांनी बाजेवरून उठून तो खडा हातात घेतला. गाडी धुतली की दारांखालून थेंब थेंब पाणी पडत राहायचं, ते त्यांच्या डोळ्यांत सलायचं. पाटसच्या त्या फेरीआधी कितीतरी वर्षं, एका उन्हाळ्यात, सावलीला बसून त्यांनी चारी दारांची एकूण एक भोकं बुजवली होती. गळती थांबली म्हणून खूश होऊन साखरबाईंकडं चहा मागितला होता. नंतर दर पावसाळ्यात दारांत पाणी साठत गेलं, आतून पत्रा खात गेलं, आणि जोराचा पाऊस आला त्या दिवशी दारं भरून गाडीत सांडली. त्या दिवशी गाडी ज्ञानेशच्या हातात होती. एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

खडे उकिरड्यावर फेकले की विषय संपत होता. ईश्वर कधी तोंड उघडणार नाही, याची त्यांना खातरी होती. नवा पत्रा बसेल, रंग लागेल, आणि ओढ्याची गोष्ट तशीच खरी राहील. दोन दिवस हौसराव हाच विचार करत जेवले. अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी साखरबाईंचा मोबाइल मागून घेतला.

आईच्या नंबरवरून बापाचा आवाज आला तसा ज्ञानेश घाबरला. “आप्पा? आईला काय झालं?”

“तिला काय धाड भरलीया. तू ऐक. फियाटच्या दाराची भोकं मीच बुजवली व्हती. त्याच्यानं गाडी सडली. तू वढ्यात घातली न्हवतीस.”

“बरं.”

“बरं म्हंजी?”

“म्हंजी मी वढ्यात घातली न्हवती, हे मला तवापसनं म्हाईत हाय, आप्पा. तुम्हाला आज कळलं, एवढंच.”

हौसरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. “मग आता काय करू म्हणतोस?”

“मी कुठं काय म्हणतोय? घरात बोलला असता तर घरात मिटलं असतं. तुम्ही डेअरीवर बोलला. मी तुमच्या मागंच किटली घेऊन उभा व्हतो.” पाळीची वेळ झाली म्हणून त्यानं फोन ठेवला.

किटली घेऊन मागंच. हे हौसरावांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मागं वळून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेअरीवर गेले. सचिव बाळासो फॅट काढत बसला होता, रांग दारापर्यंत आली होती. हौसरावांनी घसा खाकरला.

“ऐका रे. माझ्या ज्ञानेशनं गाडी बुडवली न्हवती. मी हितं बोललो ते चूक व्हतं. गाडी माझ्या हातानं खराब झाली.”

सगळे बघायला लागले. “कंची गाडी, आप्पा?” एकानं विचारलं.

“फियाट!”

“ती अजून हाय व्हय?”

बाळासोनं मान वर केली. “ज्ञानेश कवा बुडाला?”

“बुडाला न्हाई, तेच सांगतोय न्हवं!” हौसराव ओरडले. कुणीतरी हसलं. मागचा म्हणाला, “आप्पा, किटली सरकवा पुढं, टेम्पो यायचा झाला.”

हौसरावांनी किटली पुढं सरकवली. ज्या बोलण्यापायी पोर घर सोडून गेलं, ते बोलणं दूध नासायच्या आत लोक विसरले होते. घरी येईपर्यंत त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की वाटेत कुणी रामराम घातला तरी मान वर होईना.

त्यांनी पुन्हा फोन लावला. “सांगितलं डेअरीवर.”

“मग?”

“कुणाच्या ध्यानात न्हाई. एकाच्या बी न्हाई.”

ज्ञानेश म्हणाला, “माझ्या ध्यानात हाय.”

माझ्याही, असं म्हणायला हौसरावांनी तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं. “माझ्या न्हवतं,” ते म्हणाले. “तू मागं उभा व्हतास हे तर काल कळलं.”

“रविवारी येतो,” ज्ञानेश म्हणाला. “आईला भेटायला.”

हौसरावांनी मोबाइल साखरबाईंच्या हातात दिला. “येतोय रविवारी. तुला भेटायला.”

“आन् तुम्हाला?”

“माझं नाव घेतलं न्हाई.”

“न्हाई घेतलं तर न्हाई,” साखरबाई म्हणाल्या. “तुम्ही घरात ऱ्हावा. आन् त्यो काय बोलंल ते गप ऐकून घ्या.”