मधोमध टांगलेला पडदा

मी दवाखान्यातला पडदा बोलतो आहे. आडोसा देणे हे माझे काम. ते माझ्याकडून झाले नाही, म्हणून एक बाई दुखणे न सांगताच परत गेली, हे आरंभीच सांगून टाकतो.

जाड हिरव्या कापडाचा मी. शिंप्याने मला शिवले ते तपासणीच्या खाटेच्या मापाने. खोलीत एका वेळी एकच रुग्ण येई. माझ्याआडचे बोलणे डॉक्टरीणबाई आणि सिस्टर यांच्यापलीकडे जात नसे.

मग उपचार मोफत झाले. फार चांगले झाले. वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढणारी माणसे दारात उभी राहिली. गर्दी आवरेना, म्हणून दुसरे डॉक्टर आले. दुसरी खोली मात्र आली नाही. तेव्हा मला खाटेवरून काढून खोलीच्या मधोमध टांगले. एका खोलीच्या दोन झाल्या, असे सर्वांनी मानले. मीही मानले आणि ऐटीत डुललो. कापडाला भिंत म्हटल्याने भिंतीचे गुण येत नाहीत, हे मला कळायला हवे होते.

त्या सकाळी सुताराची सून सासऱ्यांबरोबर आली. दोघांचे नंबर एकदमच लागले.

"बाई, छातीत... डावीकडे, हाताला लागतंय एक..." ती हळूच म्हणाली.

इतक्यात पलीकडून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "डॉक्टर, जन्मभर लोकांच्या दारांना बिजागऱ्या बसवल्या, आता माझेच गुडघे कुरकुरतात बघा!"

"हाताला काय लागतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"काही नाही. खोकला येतो."

"खोकला? सूनबाई, घरी तर कधी ऐकला नाही गं!" सासरे पलीकडूनच म्हणाले.

खोकल्याची बाटली घेऊन ती गेली. जाताना तिचा खांदा मला निसटता लागला; मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

"तिला खोकला नव्हता," दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला कळत होतं. तरी मी पुढच्या माणसाला हाक मारली."

"आताशा सगळ्याच बायकांना खोकला होतो, बाई," सिस्टर म्हणाल्या.

"मी व्हरांड्यात बसतो," दुसरे डॉक्टर म्हणाले. "गुडघ्यांना कसली आलीये लाज?"

त्याच दुपारी मला पुन्हा खाटेभोवती लावले. संध्याकाळी सिस्टर सुताराच्या घरी जाऊन आल्या. सून म्हणाली, "आता बरं आहे मला."

डॉक्टर बाहेर बसायला कबूल झाले, डॉक्टरीणबाईंनी चूक कबूल केली. सुताराची सून तपासून घ्यायला अजून कबूल झालेली नाही. सिस्टर उद्या पुन्हा जाणार आहेत.