चार ते सहा गल्ली बंद

रविवारी चार वाजता दोन्ही तोंडांना दोरी धरली की आमची गल्ली लांब होते. एरवी ती एकशे चाळीस पावलांची आहे. पहिल्या रविवारी दोनशे दहा भरली, पुढच्या रविवारी तीनशे. नंतर मोजायला एखाद्या मुलाला सायकलवर पाठवावं लागायचं, आणि ते मध्येच खेळात रमून आकडा विसरून यायचं.

कोणाला फारसं नवल वाटलं नाही. "गाड्या नसल्या की जागा होतेच," असं देवरुखकर काकू म्हणाल्या.

दोरी माणसाच्या हातातच लागते. एकदा आम्ही ती विजेच्या खांबाला बांधून चहाला बसलो, तर गल्ली क्षणात मूळ लांबीवर आली आणि पाच मुलं एकमेकांवर आदळली. जयेशचा दात पडला. तेव्हापासून सहाला आधी शिट्टी, मग सगळी मुलं बाहेर, आणि मगच दोरी खाली.

गल्ली बंद ठेवायची परवानगी मी काढली होती, माझ्या लेकीसाठी, मिनूसाठी. पाच वर्षांची होईपर्यंत ती भिंतीला खांदा घासत चालायची, गाडी नसतानाही. ते मीच शिकवलं होतं. पहिल्या रविवारी ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि धावत सुटली. सरळ. तिला सरळ धावताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

परवानगीला अट एकच आहे. एकही रविवार चुकवायचा नाही. चुकला की कायमची रद्द.

सुरुवातीला बावीस घरं होती. पाळ्या लावल्या होत्या, एक घर वरच्या तोंडाला, एक खालच्या. दिवाळीपर्यंत नीट चाललं. मग एका शनिवारी ग्रुपवर भोकरे वहिनींचा मेसेज आला, 'या वेळी जमणार नाही, पाहुणे आहेत.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घराने गल्लीकडे पाठ केली होती. दार, पायऱ्या, चपलांचा रॅक, सगळं मागच्या बाजाररस्त्याला गेलं होतं. आमच्या बाजूला सांडपाण्याचा पाइप आणि बाथरूमचा झरोका.

मी वळसा घालून त्यांच्या नव्या दारात गेले.

"काय हो मिनूची आई, अजून जत्रा चालूच का तुमची?"

"पुढच्या महिन्यात तुमची पाळी आहे, वहिनी."

"अहो, आम्ही आता त्या गल्लीत राहतोच कुठे? बघा की." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "तुमचं बरं आहे, तुम्हाला एकच. बसा, सरबत करते."

मी सरबत प्यायले. चांगलं होतं.

एकदा नाही म्हटलं की घर वळायचं. लग्न, क्लास, मॅच, कंबर, कारण कुठलंही चालायचं. वळलेल्या घरातल्या माणसांच्या हातात दोरी राहायची नाही, साबणासारखी निसटायची. मुलं मात्र बाजाररस्त्याने वळसा घालून येत राहिली. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस, सगळं चालू होतं. आता ती लपायला लागली की शोधायला अर्धा तास लागायचा.

फेब्रुवारीत मी नूतनीकरणाला वॉर्ड ऑफिसात गेले.

"मुलं किती?" क्लार्कने विचारलं.

"एकवीस."

"घरं?"

"दोन."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोन घरांत एकवीस? कमाल आहे बाई." आणि शिक्का मारला.

दोन म्हणजे आमचं आणि देवरुखकर काकूंचं. काकू एकट्याच राहतात. त्या वरचं तोंड धरायच्या, खुर्ची टाकून. मी खालचं. माझा नवरा सहा महिने गुजरातला साइटवर आहे. काकू आणि मी एकमेकींना दिसत नव्हतो, म्हणून दोन तास फोन चालूच ठेवायचो. काकू मला भाज्यांच्या कृती सांगायच्या.

काल त्यांचा फोन आला. "अगं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना. डॉक्टर म्हणतात ऊन-वारा नको. उद्या काही मला जमायचं नाही."

"काकू, असं म्हणू नका. बघते म्हणा."

"आता म्हणून बसले की गं," त्या म्हणाल्या.

आज सकाळी त्यांचं घर वळलेलं होतं. साडेतीनला झरोक्यातून त्यांचा हात आला, हातात फोन. "हा असू दे तुला. नीट सांभाळ हो."

बाजाररस्त्याकडून वीस मुलं येऊन उभी होती.

"आई, मी धरते वरचं," मिनू म्हणाली.

ती सहा वर्षांची आहे. आमच्या घरातली आहे. मी तिच्या गळ्यात काकूंचा फोन अडकवला, दोरी दोन्ही हातांत कशी धरायची ते दाखवलं, आणि मी सांगेपर्यंत सोडायची नाही असं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

चार वाजता गल्ली लांबू लागली. इतकी कधीच लांबली नव्हती. मिनूचा पिवळा फ्रॉक वाटाण्याएवढा झाला, मग मोहरीएवढा, मग दिसेना. मुलं ओरडत माझ्यासमोरून धावत गेली.

"आहेस ना?" मी फोनवर विचारत होते.

"आहे."

सहाला मी शिट्टी फुंकली. मुलं परत यायला पाऊण तास लागला. घामेजलेली, लाल गालांची, एकेक करून ती माझ्या दोरीखालून वाकून गेली. वीस.

माझ्या मागे गाड्यांची रांग लागली होती. पहिल्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "अहो मॅडम, सात वाजत आले."

मी दोरी सोडून तिला आणायला गेले, तर गल्ली मिटेल आणि या गाड्या तिच्या अंगावर जातील. तिला सोड म्हटलं, तर ती तिथे थांबायची नाही, सरळ माझ्याकडे धावत सुटेल, आणि गल्ली तिच्यावर मिटेल. जयेशचा दात पडला तेव्हा गल्ली फक्त तीनशे पावलांची होती.

"मिनू, हात दुखतायत का?"

फोनमधून हॉर्न ऐकू आला, तिकडचा. मग तिचा आवाज, पण माझ्यासाठी नव्हता.

"बंद आहे काका. मुलं खेळतायत."

"कुठायत मुलं?" कोणी पुरुष विचारत होता. "दिसत तर कोणी नाही."

"मी आहे ना," मिनू म्हणाली.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी दोरी दोन्ही हातांनी छातीपर्यंत वर उचलली. समोर गल्ली अजून थोडी लांब झाली.