आतला राखाडी कागद

"हं, आता सोड," बाबा म्हणाले.

तिने झाकण सोडलं. ते धपकन पडलं नाही. आतली हवा सारत सावकाश उतरलं आणि खोक्यावर बसलं.

"केसभर घट्ट झालं असतं तर अडकलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरला कळतं का हे, बाईसाहेब?"

खोकं रंगपट्ट्यांचं होतं. पंख्यासारख्या उघडणाऱ्या, शेकडो छटांच्या पट्ट्या. डिझायनर त्यांच्यावर बोट ठेवून 'हाच रंग' म्हणून ठरवतात. कंपनीत खोक्याचं डिझाइन ती करायची. नमुने मात्र घरामागच्या खोलीत बाबा हाताने बनवत.

तिच्या चित्रात आतून लालभडक अस्तर होतं. मागच्या आठवड्यात बाबांनी ते लावलं, पिवळी पट्टी आत धरली आणि मान हलवली. "बघ, हिरवट मारतोय. शेजार वाईट मिळाला की रंगसुद्धा बिघडतो." मग लाल खरवडून त्यांनी राखाडी कागद चिकटवला. ती चिडली होती. "बाबा, हे विकायचंय, पुरायचं नाही!"

"घेणारा डोळ्यांवर पोट भरतो. त्याचा डोळा फसवू नकोस."

वेळ नव्हता म्हणून तिने तोच नमुना सोमवारच्या बैठकीत ठेवला. साहेबांनी पट्ट्या आत धरून पाहिल्या आणि टेबलावर थाप मारली. "राखाडी! कुणाचं डोकं हे?"

"माझं," ती म्हणाली. एकच शब्द. टाळ्या वाजल्या, आणि तो परत घ्यायला जागा उरली नाही.

आज गुरुवार. बाबांनी बोटांवरचा सुकलेला गोंद सोलत विचारलं, "काय म्हणाले मग राखाडीला?"

"चाललं."

"कुणाला सुचलं, विचारलं नाही?"

तिने झाकण उगाच पुन्हा उचललं. "नाही हो. तिथे कोण विचारतंय."

बाबा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "बरं. जेवून जा. आईने दोनदा हाक मारली."

"उशीर होतोय," म्हणत ती नमुने घेऊन निघाली.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठा कापता कापता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी कागदवाले काका उरलेला माल न्यायला आले. रिळं मोजायची सोडून तेच डोळे पुसत बसले.

"शेवटच्या आठवड्यात डोकं खाल्लं गं त्याने माझं. तुझ्या साहेबांचा फोन आला होता, आणखी नमुने हवेत म्हणून. तुझं केवढं कौतुक केलं! मग काय, येईल त्याला ऐकवायचा, 'चाळीस वर्षं खोकी केली, मला नाही सुचलं. पोरीला सुचलं.'"

तिचा हात कपाटाच्या कडेवर थांबला. "फोन कधी आला होता, काका?"

"सोमवारी. दुपारी इथेच बसलो होतो की मी."

म्हणजे गुरुवारी विचारलं तेव्हा बाबांना सगळं ठाऊक होतं.

"मलाही सांगितलं ह्यांनी," दारातून आई म्हणाली. "दोन घास जास्त जेवले त्या दिवशी. म्हणाले, पोरगी माझ्या पुढे गेली." ती किंचित हसलीसुद्धा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

ते हसू तसंच राहू देता आलं असतं. काकांनी रीळ खांद्यावर घेतलं होतं, आई चहाला वळली होती.

"आई, थांब. काका, तुम्हीपण," ती म्हणाली. "राखाडी कागदाची कल्पना बाबांची होती. मी माझी म्हणून सांगितली."