उशिरा पोहोचलेला आवाज

मित्रांनो, मी केनवडच्या रंजीताचा एक जुना मोबाईल आहे. माझी काच तडकली आहे, पाठ फुगली आहे, तरी मला अजून कोणी मोडीत दिले नाही. का, तेच सांगतो.

पुण्याला कामाला असलेल्या शिवमने, तिच्या नवऱ्याने, मला तिच्यासाठी पाठवले. तेव्हा ती मला पदराने पुसायची. बारशाचे फोटो, भजने, माहेरच्या गप्पा, सारे माझ्यातून व्हायचे.

मग कोरोना आला. एसटी थांबली, रिसोडच्या जीपा थांबल्या. भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. कोणी खोकलेले ऐकू आले की आळीतली दारे धडाधड लागत.

रंजीताचे सासरे शेषराव यांची प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी अडली होती. टाळेबंदीच्या आधी त्यांना नळी बसवली होती. ती बदलायची वेळ टळून गेली आणि पोट दुखू लागले. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "व्हिडिओ कॉल लावा."

शेषरावांनी भिंतीकडे तोंड फिरवले. "सुनेसमोर कसं दाखवू? मले मरू दे."

"सूनबाईंना बाहेर बसू द्या, शेषरावजी. फोन तांब्याला टेकवा. आपण दोघंच बोलू," डॉक्टर म्हणाले.

रंजीता ओसरीवर गेली. तोंडावर मास्क असल्याने डॉक्टरांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी पाहिले आणि विचारले, "लघवीची पिशवी खुंटीला का टांगली? कमरेच्या खाली बांधा." पिशवी खाली येताच ती भरू लागली. म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. लघवीचा नमुना तपासणीसाठी गावच्या आशाताईंकडे द्यायला सांगून डॉक्टर खोकले. तेवढ्यात चित्र थिजले. ते दोन डोळे माझ्या काचेवर उघडेच राहिले आणि आवाज मात्र बोलत होता, "पाणी पीत राहा... मी कळवतो..."

त्यानंतर वादळाने टॉवर बंद पडला. कित्येक दिवस मी मुका होतो.

एका दुपारी शेषराव थंडीने कुडकुडू लागले. अंग तव्यासारखे तापले. रंजीताने गोधड्या घातल्या, काढा दिला.

"मामाजी, गाडी बलावू का?"

"नको वो बाई! कोरोना म्हणून नेतीन, मंग मले कोणी पाह्यणार नाही."

ती दारात रडत उभी राहिली. बाहेर पानही हलत नव्हते. त्याच क्षणी माझ्यात रेंज आली आणि मी वाजलो. तिने बटण दाबले.

"शेषरावजी, लघवीत जंतू झालेत," डॉक्टरांचा आवाज खोल, दमलेला होता. मागे कसले तरी यंत्र टीं टीं करत होते. "थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, नळी बदला. लाजू नका."

शेषराव गोधडीतून उठून बसले. "मले थंडी वाजून राह्यली, हे त्याले कसं समजलं?" त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. "बलाव गाडी," ते म्हणाले.

वाशीमच्या दवाखान्यात नळी बदलली, सलाईन लागले. ते वाचले.

घरी आल्यावर रंजीताने आभार मानायला फोन लावला. एका बाईंनी उचलला. रंजीताने डॉक्टरांना द्यायला सांगितले.

"ते कोरोनात गेले."

"कधी?"

त्यांनी तारीख सांगितली. रंजीताने माझ्या काचेवर आवाज आल्याची तारीख पाहिली. तो डॉक्टर गेल्यानंतर आला होता.

मित्रांनो, बोलणे त्यांनी आधीच रेकॉर्ड करून पाठवले होते, रेंजअभावी ते वाटेत अडकले होते. मला एवढे कळते. तरी ते वाजले तेव्हा माझ्या आत कोणीतरी श्वास घेत होते, असे मला आजही वाटते.

मध्यंतरी शेजारचे फुलचंद अंगणात आले. उठता-बसता कण्हत होते. शेषरावांनी विचारले, "लघवीले तरास हाय ना? काहून लपवतं?" फुलचंदांनी मान खाली घातली. शेषरावांनी मला त्यांच्या कानाला लावले आणि तो आवाज वाजवला.

दुखणे लपवू नका मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांनाही लपवू देऊ नका. माझ्यासारख्या तडकलेल्या यंत्रातूनही मदत येते, पण आधी कोणीतरी तोंड उघडावे लागते.

फुलचंद शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "मानूस भला वाटते. कुठं बसते हा डॉक्टर?"

शेषरावांनी मला दोन्ही हातांत घट्ट धरले. मग त्यांनी तोच आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.