कपाटातला पाय आणि मी

मी एक जुनी, घडीची तिपाई आहे. तीन लाकडी पाय आणि वर जाड कापड, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या सुताराने आधी स्वतः बसून दोनदा उसळ्या मारल्या आणि मगच मला विकायला ठेवलं. मित्रांनो, माझ्यावर बसलेला माणूस साहेब वाटत नाही. म्हणूनच ताईने मला घेतलं.

ताई मानवशास्त्रात एम.ए. करत होती. माणसं कशी जगतात, का तशी जगतात, याचा अभ्यास. दोन वर्षं ती मला काखोटीला मारून होड्या बांधणाऱ्यांच्या वस्तीत जाई. सरांनी तिचं कौतुक केलं, पदवी मिळाली आणि मी आठ महिने दाराआड पडून राहिले.

ताईचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. "घड्याळ उघडलं की बिघाड दिसतो. तुझ्या शिक्षणात काय उघडतात गं?" ते विचारत. तिची एक मैत्रीण संग्रहालयात लागली. दुसरी शेगड्यांच्या कंपनीत, लोक स्वयंपाक कसा करतात ते पाहायला.

"आणि आपली?" बाबा म्हणायचे.

"आपली अर्ज करतेय," आई म्हणायची आणि विषय बदलायची.

शेवटी एका रुग्णालयाने तिला बोलावलं. तिथे कृत्रिम पाय बसवत. पण तपासणीला आणलेल्या पायांचे तळवे कोरे करकरीत असत. लोक पाय घालतच नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांत कारण शोधा. सापडलं तर कायम, नाहीतर आम्हाला हे पद ठेवता यायचं नाही."

ताई घाबरली आणि घाबरल्यामुळे चुकली. मला कचेरीत ठेवून फॉर्म घेऊन घरोघर हिंडली. पाय दुखतो का? नाही. रोज घालता? हो तर, रोज! महिनाभर सगळं छानच.

पाय बनवणारे कारागीरकाका हसले. "अहो, फुकट मिळालेल्या वस्तूला तोंडावर कोण नावं ठेवील? ही तिपाई कशाला आणलीत? शोभेला?"

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन एका शिंपीण आजींकडे गेली. काही विचारलं नाही. बसली, सुयांत दोरा ओवून दिला. दुपार कलली तशा आजी भिंत धरून, एका पायावर लंगडी घालत पाणी आणायला निघाल्या.

"आजी, पाय कुठाय?"

आजी ओशाळल्या. कपाट उघडलं. ठेवणीतल्या कपड्यांखालून चादरीत गुंडाळलेला पाय निघाला. "इतका सुरेख पाय घरात घालून झिजवू? नातीच्या लग्नात घालीन."

"नात केवढी आहे?"

"दुसरीत."

ताईला हसू आलं आणि डोळेही भरले. पुढे घरोघर तेच. कुणाचा पाय पेटीत, कुणाचा माळ्यावर.

"आणि आम्ही सहा वर्षं मापं बदलत बसलो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून पाय देताना कारागीरकाका आधी एक झिजलेला तळवा दाखवू लागले. "असा करून आणा. नवा बसवून देतो, पैसे नकोत."

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात शिंपीण आजी रुग्णालयात आल्या. काठी टेकत, पण दोन्ही पायांवर. तळव्याला चिखल. "बघा, बाजारात जाऊन आले. अजून झिजला नाही मेला!"

डॉक्टरीणबाईंनी तिथेच ताईच्या कागदावर सही केली. 'कायम.'

आता ताईला फिरती खुर्ची आहे. काल तिने मला मायेने पुसलं आणि आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवायला निघाली. मित्रांनो, तुम्हीच तिला सांगा. माझं कापड विरलं तर नवं शिवा, पाय डुगडुगला तर खिळा ठोका. पण कपाट नको. मला कुणाच्या तरी दारात उघडा, बसा आणि समोरचा बोलेपर्यंत उठू नका.