शेंगा धरू द्यायच्या नाहीत

मागच्या वर्षी माझा नवरा स्ट्रुअन जहाजावरून चार महिन्यांनी घरी आला, तेव्हा बागेत नुसत्या काड्या उरल्या होत्या. "तुझी बाग मला फोनवरच फुललेली दिसते," म्हणून तो हसला. मला मात्र ते लागलं.

आमच्या या स्कॉटिश किनाऱ्यावर उन्हाळासुद्धा कोट घालूनच येतो. म्हणून यंदा बी निवडतानाच ठरवलं, ऑगस्टअखेर तो येईल त्या दिवशीही फुललेलं असेल, तेच लावायचं. पाकिटावर 'जून ते सप्टेंबर' वाचून स्वीट पी घेतली, वाटाण्यासारख्या वेलावरची सुवासिक फुलं. आमची लेक एफी झोपली की तेवढ्यात काठ्या रोवल्या, वेल चढवले.

जूनअखेर बहर आला. एफी अडीच वर्षांची, दिसेल ते ओढणारी. तिला शिकवलं, "हात नाही लावायचा. बाबाची फुलं आहेत." बिचारी हात पाठीमागे धरून नुसतं नाक पुढे करायची.

जुलै संपता संपता फुलं आटली. शेजारच्या गेडिसबाई कुंपणावरून डोकावल्या.

"काय गं पोरी, शेंगांचं सूप करणारेस की काय?"

"अहो, एक फूल तोडलं नाही मी!"

"तेच चुकलं! शेंगा धरल्या की वेलाला वाटतं, झाली पोरंबाळं, आता नटायचं कशाला?"

माझ्या खांद्यावर सकाळची लापशी वाळली होती. केसांना दोन दिवस कंगवा नव्हता.

"माझ्याकडे बघून बोलू नका हं!"

त्या खदखदून हसल्या आणि एप्रनच्या खिशातली कात्री माझ्या हातात दिली. "सगळ्या शेंगा उतरव. मग दिवसाआड सगळी फुलं काढ. एकही ठेवू नकोस."

आता एफी ऐकेना. "बाबाची!" म्हणून भोकाड. तिसऱ्या दिवशी तिनं भीतभीत एक तोडलं, मी टाळ्या वाजवल्या. मग काय! जॅमच्या बाटल्या भरल्या, गेडिसबाईंच्या खिडक्या भरल्या, पोस्टमनही रिकाम्या हातानं जाईना.

स्ट्रुअन आला तो पिशवी खांद्यावर घेऊनच मागच्या दारी गेला. वेल हिरवेगार, फूल एकही नाही! मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात काठ्यांमागून एफी आली, फ्रॉकच्या ओच्यात सगळा बहर घेऊन. तिनं तो त्याच्या बुटांवर ओतला.

"बाबाची!"

तो तिथंच ओल्या गवतात बसला. "आणि उद्या गं?"

"उद्या परत," मी म्हटलं. कळ्या होत्याच.

केस मी सकाळीच विंचरले होते. त्याच्या लक्षात आलं का, ते अजून विचारलेलं नाही.